गव्हर्नरपद म्हणजे नोटेवरची सही नव्हे

नाशिकरोडला नोटांची प्रेस असल्यामुळे आपल्याकडे रिझर्व्ह बँक म्हटलं की आधी नोटाच आठवतात. (ती प्रेस केंद्र सरकारच्या कंपनीची आहे, रिझर्व्ह बँकेची नव्हे.) गव्हर्नरचं खरं काम कळायला मलेशियाच्या झेती अख्तर अझीझ यांची कारकीर्द बघावी.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची अर्थशास्त्रातली डॉक्टरेट, १९८५ पासून बँक नेगारात, म्हणजे मलेशियाच्या रिझर्व्ह बँकेत. सप्टेंबर १९९८ मध्ये, आधीचे गव्हर्नर राजीनामा देऊन गेल्यावर, आशियाई आर्थिक संकटाच्या ऐन वादळात हंगामी गव्हर्नरपद त्यांच्याकडे आलं. संकटाआधी डॉलरला अडीच रिंगिट (मलेशियाचं चलन) पडायचे, ते त्या जानेवारीत ४.८८ पर्यंत गेले होते.

खरी गोम सिंगापुरात होती. तिथे रिंगिटवर मलेशियापेक्षा जास्त व्याज मिळे, म्हणून पैसा तिकडे जाई. सटोडिये तोच उसना घेऊन विकत आणि डॉलर घेत. देशात व्याजदर कमी करावा तर ओघ आणखी वाढणार, म्हणजे दराचं हत्यारच बोथट.

पैशाच्या ये-जा वर बंधनं घालण्याचा निर्णय पंतप्रधान महाथीर यांचा, पण तो नियमांत बसवून राबवायचं काम बँकेचं. बाहेरचा रिंगिट १ ऑक्टोबरपर्यंत परत आणा. शेअर विकून आलेला परदेशी पैसा वर्षभर देशातच ठेवा. डॉलरचा भाव ३.८० ला बांधला. आयात-निर्यात आणि कारखान्यांतली परकी गुंतवणूक मात्र मोकळी ठेवली. भाव बांधण्याची गोष्ट निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष निर्यातदाराला लगेच पटेल: कंटेनर गेल्यापासून पैसे येईपर्यंत कित्येक आठवडे जातात, तेवढ्यात चलन भरकटलं तर सगळा हिशोबच कोलमडतो. पुढे ५०० आणि १००० रिंगिटच्या नोटाही बाद केल्या, कारण बाहेर न्यायला त्याच सोयीच्या होत्या.

माझ्या मते कसोटी पुढे होती. बंधनं फार काळ राहिली की काळा बाजार फोफावतो, घाईने काढली तर पैसा पळतो. फेब्रुवारी १९९९ मध्येच वर्षभराच्या अटीऐवजी बाहेर नेण्यावर कर आला. ३.८० चा भाव मात्र जुलै २००५ पर्यंत टिकवला, मगच सोडला. झेती २००० मध्ये पूर्ण गव्हर्नर झाल्या, त्या २०१६ पर्यंत.

आपली रिझर्व्ह बँक १९३५ ची, आणि आजवर एकही महिला गव्हर्नर नाही. २००३ मध्ये के. जे. उदेशी पहिल्या महिला डेप्युटी गव्हर्नर झाल्या, मग श्यामला गोपीनाथ, उषा थोरात. बँकेतच मुरलेल्या या बायका डेप्युटीपदावरच थांबल्या. २०२५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ पूनम गुप्ता डेप्युटी गव्हर्नर झाल्या. बाई म्हणून मान द्या, असं माझं मागणंच नाही. पुढच्या नेमणुकीच्या वेळी, संकटात नियमाचा मसुदा कोण लिहू शकेल आणि तो कधी मागे घ्यायचा हे कोणाला कळेल, एवढं विचारा आणि त्या यादीत अशा बायकांची नावं धरा.