वजनाच्या पटीत मात्रा?
'उंदरावर चाललेलं औषध वजनाच्या पटीत वाढवलं की माणसावरही चालेल' हे लेखातलं विधान कृपया दुरुस्त करा. ते धोकादायक आहे.

१९६२ साली ओक्लाहोमा सिटीच्या प्राणिसंग्रहालयात टस्को नावाच्या हत्तीला २९७ मिलिग्रॅम एलएसडी (भ्रम निर्माण करणारं एक तीव्र रसायन) टोचलं गेलं. मांजरांवरच्या प्रयोगांचा आधार घेऊन, किलोमागे हिशेब करून काढलेली मात्रा. काही मिनिटांत तो कोसळला आणि दोन तासांच्या आत गेला. (नंतर दिलेल्या शामक औषधांचाही वाटा असेल असं काहींचं मत आहे, पण मूळ हिशेब चुकलाच होता.) वाचताना आजही जीव कळवळतो.

वास्तविक मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञांनी १९३२ मध्येच दाखवलं होतं की चयापचय (शरीर ऊर्जा वापरतं तो वेग) वजनाच्या साधारण पाऊण घाताने वाढतो. म्हणजे वजन १००० पट झालं तर चयापचय जेमतेम १७८ पट. मोठं शरीर दर किलोमागे संथ चालतं, औषधाचा निचराही सावकाश करतं. म्हणूनच माणसांवरच्या चाचणीची पहिली मात्रा ठरवताना उंदराची किलोमागची मात्रा आधी सुमारे १२ ने भागतात आणि सुरक्षेसाठी त्याहून आणखी कमी करतात.