काड्या पूर्ण, तरी नेट बंद : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नेटवर्किंगच्या मूलभूत संज्ञांवरचा लेख शेवटपर्यंत वाचून तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं, की आयपी, डीएनएस, मॅक हे शब्द तंत्रज्ञांपुरते ठीक. बाकीच्यांना नेट चाललं की झालं, आणि नाही चाललं तर राउटर बंद करून चालू करायचा. वाय-फायचा पाच गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असताना लांबच्या खोलीसाठी मी २.४ चा का सुचवला, हेही तुम्हाला पटलेलं नाही. आणि शेवटी विचारलंत : फोनवर वाय-फायच्या सगळ्या काड्या दिसतात, तरी एक पान उघडत नाही, तेव्हा तुमच्या व्याख्या काय कामाच्या?

नेमक्या त्याच वेळी कामाच्या. म्हणून आधी तेच घेतो.

राउटरचा सिग्नल तुमच्या फोनपर्यंत किती जोरात पोचतोय, एवढंच त्या काड्या सांगतात. राउटरच्या पलीकडे कंपनीची केबल तुटून पडली असली तरी काड्या भरलेल्याच दिसणार. वाय-फाय हा फोन ते राउटर एवढाच टप्पा आहे, इंटरनेट त्यापुढे सुरू होतं. दोन्हींना सरसकट ‘नेट’ म्हटलं की बिघाड कुठे आहे, हा प्रश्नच मनात येत नाही.

पुढच्या वेळी राउटरला हात लावण्याआधी कॉम्प्युटरवर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता, बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि कॉम्प्युटरने स्वतःच एक घेतला आहे. पत्ते वाटण्याच्या या कामालाच डीएचसीपी म्हणतात. म्हणजे बिघाड घरातच आहे, कंपनीला फोन करून उपयोग नाही. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल (काही ठिकाणी १० ने), तर बहुधा हा टप्पा ठीक आहे. मग तिथेच ‘गेटवे’ म्हणून दिलेला राउटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. राउटरचं पान उघडलं, तर वायरलेसवरचा संशय गेला. आता ८.८.८.८ ला पिंग करा, म्हणजे कॉम्प्युटरवरून त्या पत्त्याला छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते पाहा. हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर. त्याचं उत्तर येतंय आणि तरी एकही संकेतस्थळ नावाने उघडत नाही, याचा अर्थ लाइन चालू आहे, फक्त नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा अडली आहे. सेटिंगमध्ये दुसरा डीएनएस सर्व्हर घातला की बहुतेक वेळा काम होतं. उत्तरच येत नसेल, तर मात्र कंपनीला फोन करा आणि इथवर काय काय तपासलं ते सांगा. पलीकडचा माणूस तुम्हाला ‘राउटर रीस्टार्ट करा’ म्हणून परत पाठवणार नाही, अशी शक्यता बरीच वाढते.

रीस्टार्टने काम होतं, हे मला मान्य आहे. पण त्यात पत्ते नव्याने वाटले जातात, कंपनीशी जोडणी नव्याने होते, सगळं एकदमच बदलतं. बिघाड कशात होता हे कळायची वाट बंद होते आणि आठवड्याने तोच त्रास पुन्हा उभा राहतो. रोज रीस्टार्ट करावा लागणारा राउटर आजारी आहे, त्याचं निदान करायला हवं.

आता पाच गिगाहर्ट्झ. ते वेगवान आहे, पण जवळून. भिंती ओलांडताना ते २.४ पेक्षा लवकर क्षीण होतं. लांबच्या खोलीत अडखळणाऱ्या पाचपेक्षा सलग चालणारं २.४ बरं. २.४ ची खरी अडचण गर्दीची आहे : त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे उपविभाग, तीनच : १, ६ आणि ११. शेजारपाजारचे सगळे राउटर, ब्लूटूथ, शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच पट्ट्यात. राउटरच्या खोलीत बसला असाल तर खुशाल पाच वापरा.

शंभर एमबीपीएसचा प्लॅन असून फाइल बाराच्याच वेगाने उतरते, अशी तक्रारही तुम्ही केलीत. तिथे तुमची फसवणूक झालेली नाही. प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोडचा बहुधा मेगाबाइटमध्ये, आणि ८ बिट म्हणजे १ बाइट. शंभर भागिले आठ, साडेबारा. तुम्हाला जवळजवळ पूर्ण वेग मिळतोय.

मॅक अ‍ॅड्रेसची, म्हणजे नेटवर्कवर उपकरण ओळखायच्या क्रमांकाची, रोज गरज पडत नाही, हे खरं. पण राउटरमध्ये ‘याच उपकरणांना प्रवेश’ अशी यादी करून ठेवली असेल, तर लक्षात असू द्या : हल्लीचे फोन प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा, बनवलेला मॅक पुढे करतात. त्यामुळे घरचाच फोन दाराबाहेर राहू शकतो. सुरक्षिततेसाठी अशा यादीपेक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ (वाय-फायच्या सुरक्षेच्या पद्धती) आणि लांब पासवर्ड यांवर भर द्या.

पुन्हा कधी काड्या पूर्ण असून पान उघडलं नाही, तर आयपी अ‍ॅड्रेसचे पहिले दोन आकडे (१६९.२५४ असे) आणि ८.८.८.८ कडून उत्तर आलं की नाही, एवढं मला इथेच लिहा. पुढचं मिळून शोधू.