धा सीट झाल्या की निघू

परवा फाट्यावर टमटममध्ये मी एकटाच बसलो होतो. ड्रायव्हर खाली लिंबाच्या सावलीत. विचारलं, तर म्हणाला, "धा सीट झाल्या की निघू. घाई असंल तर धा सीटचं द्या." वाडी सहा किलोमीटर आत, रस्ता म्हणजे पाणंद. उन्हात बसून राहिलो.

शेजारच्या हॉटेलासमोर बाकड्यावर एक बाबा बशीतून चहा ओढत होते. त्यांनी माझी चौकशी हाती घेतली.

"वाडीत माणसं किती?"

"असतील साडेपाचशे."

"कोयत्यावर, ऊस तोडाय गेलेले धरून का सोडून?"

"धरून."

"मंग ते काढा. आगाऊ उचल घिऊन दिवाळीपासून कारखान्यावर हायेत. पुण्याला कंपनीत गेलेले?"

"ते जत्रेला येतात."

"जत्रंला पाळणेवालाबी येतो. त्याला गावचा म्हणायचं का?" पुन्हा एक घोट. "म्हातारे?"

"आहेत की! दवाखान्याला जायचं असतं त्यांना."

"जातेत कशानं?"

"गाडीच नाही ना, बाबा!"

"म्हंजी जात न्हाईत. जात न्हाईत तर सीट कामून धरायची?"

अशी वजाबाकी करत बाबांनी अख्खी वाडी रिकामी केली. ड्रायव्हर मान डोलावत होता. मला राग आला तो याचा, की हिशोबात चूक सापडेना.

कारण सरकारी हिशोबही याच बाकड्यावर बसून केल्यासारखा आहे. 25 डिसेंबर 2000 ला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली. सपाट भागात पाचशे लोकवस्ती असेल तर बारमाही रस्ता. आकडा आधी 2001 च्या जनगणनेचा, आता 2011 च्या. ती मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी. 2011 चीही त्याच तारखांना. फेब्रुवारीत बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार कुठे असतो, हे शेंबडं पोरही सांगेल. मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो घरी नाही, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा, असा नियम. म्हणजे आमची माणसं उसाच्या फडातल्या कोपीत, म्हणजे झोपडीत मोजली जाणार, सांगली-कोल्हापूरच्या खात्यात. तिकडे रस्त्यांना काय कमी? वाडी कागदावर पाचशेच्या आतच राहिली. 2021 ला तर मोजणीच झाली नाही. पुढची ठरलीय फेब्रुवारी 2027 ला. गाळप ऐन भरात! रस्ता नाही, पाणी नाही, म्हणून माणूस बाहेर पडतो. आणि तो बाहेर आहे म्हणून रस्ता नाही. बाळंतिणीला बाजेवर घालून फाट्यापर्यंत आणायचं, तेव्हा उचलायलाही चार माणसं गावात नसतात. असो.

"आता रेल्वे आली की बीडला," बाबांनी समजूत काढली. आली, खरं आहे. 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त धरून अहिल्यानगरहून आली. पिढ्यान्‌पिढ्या मागणी करून आली. ती फाट्यावरून आत वळत नाही, एवढंच.

तेवढ्यात एक मावशी दोन शेळ्या घेऊन आल्या. ड्रायव्हर उठला. "चार सीट झाल्या."

"शेळ्या धरल्या?" मी ओरडलो.

"धरायच्याच," बाबा म्हणाले. "त्या बाराही म्हैने गावातच असतेत."

मावशींनी शेळ्यांचं भाडं द्यायला साफ नकार दिला. शेवटी गाडी हलावी म्हणून ते मी भरलं, वर रिकाम्या सहा सीटचंही. पांढऱ्या शेळीनं वाटेत माझ्या पिशवीतली केळी खाल्ली, सालीसकट.