विन्याचे टायर आणि सिएनाची माती

विन्याने तिकीट काढल्याचं कट्ट्यावर सगळ्यांना आधीच माहीत होतं, कारण त्याने ते प्रत्येकाला वेगवेगळं गाठून "फक्त तुलाच सांगतोय" म्हणून सांगितलं होतं. नोव्हेंबर. इटलीतलं टस्कनी. एरोइका नावाच्या, कच्च्या पांढऱ्या रस्त्यांवरच्या सायकलफेरीचा तो बारमाही पाट्या लावलेला मार्ग, २०९ किलोमीटर. त्यामुळे तो आला तेव्हा कोणी अभिनंदन वगैरे केलं नाही. त्याचीही तशी अपेक्षा नव्हती. त्याने थेट टायरला हात घातला.

"चाळीस एमएम. ट्यूबलेस. पुढे बत्तीस पीएसआय, मागे पस्तीस. माझं वजन धरून काढलंय."

"कुठल्या सालचं वजन धरलंस?" नंदाने विचारलं.

असलं काही विन्याला लागत नाही. तो पुढे साइडवॉलवर गेला, मग सीलंटवर, मग ते सीलंट किती महिन्यांत सुकतं त्यावर. एक मान्य करायला हवं, त्याचं चुकीचं काही नसतं. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवली की खडीवर चाक उड्या मारत नाही, पकड राहते, हातांना मुंग्या येत नाहीत. सगळं खरं. फक्त कोणी विचारलेलं नसतं.

अण्णा एवढा वेळ गप्प होते. अण्णांचं अख्खं आयुष्य रस्तेबांधणीत गेलं, त्यामुळे टायर हा विषय ते रस्त्याचा शत्रू म्हणूनच बघतात. त्यांनी फक्त विचारलं, "नोव्हेंबरातच का रे?"

"तिकीट स्वस्त होतं, अण्णा."

"आणि ते का स्वस्त असावं, हे नाही काढलंस वजन धरून?"

तिकडे सगळ्यात जास्त पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो, हे विन्याच्या तक्त्यात कुठेच नव्हतं. त्यात टायरच्या आठ जाती होत्या. अण्णांनी मग शांतपणे सांगायला घेतलं. उत्तरेला गायोलेच्या बाजूला, म्हणजे कियांतीत, खाली चुनखडीचा दगड आहे. पाऊस झाला तरी पाणी निघून जातं आणि रस्ता रस्ताच राहतो. पण सिएना शहर ओलांडून आशानोकडे उतरलास की क्रेते सेनेसी. ती सगळी जुन्या समुद्राच्या तळाची चिकणमाती. उन्हात विटेसारखी कडक, वर बोटभर धुरळा. ओली झाली की कुंभाराच्या चाकावरचा गोळा, फक्त चाक तुझं.

"पण खडी टाकलेली असते ना वर," विन्या म्हणाला.

"असते. आणि ओली माती ती खालून गिळते."

विन्याने मोबाईल काढला. अ‍ॅपमध्ये मोंते सांते मारीये, साडेअकरा किलोमीटर, त्यापुढे 'ग्रॅव्हल' असं हिरव्या रंगात लिहिलेलं होतं. तो ते सगळ्यांना दाखवत होता. जणू अ‍ॅप हिरवं आहे म्हटल्यावर माती काय करणार बिचारी.

इथे शिरीषने अपेक्षेप्रमाणे जुनं उकरून काढलं. विन्याच्या अशाच एका हिरव्या रेघेवरून आम्ही सगळे एकदा कोरड्या नदीत उतरलो होतो आणि सायकली खांद्यावर घेऊन बाहेर आलो होतो.

"त्यात ग्रॅव्हल लिहिलं होतं," विन्या.

"होतीच की खडी. नदीची होती," नंदा.

त्याच दिवशी विन्याने शिरीषचा पंप घेतला होता. तो अजून आलेला नाही, हे शिरीषने पुन्हा नोंदवलं. तो हे एकही संधी न सोडता नोंदवतो. पंप बहुधा त्याला आता नकोच आहे, तक्रार हवी आहे.

विन्या इतक्यावर हरणाऱ्यातला नाही. त्याने २०१० चा जिरो, म्हणजे इटलीची ती मोठी टप्प्यांची सायकल शर्यत काढली, त्यातला मोंताल्चिनोचा चिखलाचा टप्पा. "काय दृश्य होतं! इव्हान्स जगज्जेत्याच्या जर्सीत जिंकला!"

"जर्सी कुठली ते ओळखू येत होतं का?" नंदा म्हणाली. "आणि निबालीची गुलाबी, म्हणजे शर्यतीत पुढे असणाऱ्याची जर्सी त्याच चिखलात गेली, ते नाही सांगितलंस. २०१८ ची स्ट्रादे बियांके घे, याच पांढऱ्या रस्त्यांवरची शर्यत. बेनूट जिंकला. पण व्हॅन आर्ट तिसरा आला ना, तो सिएनातल्या शेवटच्या चढावर पायात गोळे येऊन पडला आणि सायकल ढकलत वर गेला. व्हॅन आर्ट. तुझ्याकडे व्हॅन आर्टपेक्षा जास्त काय आहे?"

"चाळीस एमएम," शिरीष हळूच म्हणाला.

अण्णांनी त्यात अमेरिकेतल्या कॅन्ससची भर घातली. २०२३ ची अनबाउंड, एम्पोरियाची खडीवरची शर्यत. अजून लांबचा पल्ला बाकी असताना सुरुवातीलाच ओल्या मातीचा पट्टा लागला. माती टायर आणि फ्रेमच्या मधल्या फटीत अशी बसली की चाक फिरेना. काही जणांचे गिअर बदलणारे डिरेलर तुटले, बाकीचे चालत निघाले. तिथले अनुभवी लोक माती खरवडायला रंग ढवळायची पट्टी बरोबर ठेवतात म्हणे.

"म्हणजे टायर रुंद तेवढी फट कमी," नंदा म्हणाली. "विन्या, चाळीस असो की अठ्ठावीस, सायकल खांद्यावर घेतली की खांद्याला काही फरक पडत नाही."

मला वाटलं आता विषय संपला. पण शिरीष सरसावून बसला. शिरीषला कच्चा रस्ता म्हणजे सरकारी दिरंगाई वाटते, जगात कुठेही असो. "एवढा श्रीमंत मुलूख. टाका की डांबर आणि सोडवा एकदाचं."

विन्या अक्षरशः उभा राहिला. डांबर! पांढऱ्या रस्त्यांवर! दोन्ही बाजूंना सायप्रसची झाडं, टेकडीवर एकच घर, मागे सोनेरी धूळ, आणि तिथे डांबर! ते जपायला नको? १९९७ मध्ये ब्रोच्चीने एरोइका सुरू केली ती कशासाठी? हे रस्ते वाचावेत म्हणूनच ना? त्याचा आवाज कापत होता. (हे लिहिताना तो समोर नाही म्हणून लिहितोय, पण डोळेही थोडे ओले होते.)

नंदाने त्याला बोलू दिलं. मग म्हणाली, "सत्त्याण्णव साली ती माणसं रस्ता वाचवायला सायकल घेऊन आली. तू सायकल चालवायला मिळावी म्हणून रस्ता वाचवतोयस."

"एकच झालं."

"नाही झालं. तुझ्या सोनेरी धुळीत टेकडीवरच्या त्या घराची दोरीवरची चादर आहे. त्या बाईला विचारलंस डांबर हवं का? तू वर्षातून चार दिवस जाणार. ती रोज झाडते."

"त्यांनाच तर पर्यटनाचे पैसे मिळतात," विन्या पुटपुटला. आणि मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. मार्चमध्ये स्ट्रादे बियांकेला जगभरातले कॅमेरे त्या रस्त्यांवर असतात, पोगाचार २०२४ मध्ये ८१ किलोमीटर एकटा सुटला तो तिथेच, आणि त्यानंतर हौशी लोक तो टापू बघायला येतात ते खडीसाठीच. डांबर झालं तर यायचं कारण उरत नाही. नंदाने हे मान्य केलं. पण तिचं म्हणणं, ज्याला पैसे मिळतात त्याच्या आणि जिच्या घरात धूळ जाते तिच्या दाराचा नंबर एकच आहे का, ते आधी बघावं.

अण्णांची तऱ्हा तिसरीच. त्यांना दोघांचाही राग आला होता. "तुम्हा दोघांना वाटतं की डांबर टाकलं नाही म्हणजे कच्चा रस्ता आपोआप राहतो. अरे, तो राहत नाही, ठेवावा लागतो. मधे उंच, दोन्हीकडे उतार, कडेला मोकळा चर. चर बुजला की पाणी रस्त्यावरून चालतं, आणि पाणी चाललं की बारीक माती जाते आणि वर नुसते गोटे उरतात. मग विन्या म्हणणार, वा, काय रांगडा रस्ता!"

"आणि त्या लाटा?" शिरीषने विचारलं. दात हलवणाऱ्या त्या आडव्या लाटा त्याच्या कायम डोक्यात जातात. "त्या जड गाड्यांनी पडतात ना? सस्पेन्शनमुळे?"

"सगळे हेच म्हणतात. २००७ मध्ये संशोधकांनी वाळूच्या गोल मार्गावर साधं चाक फिरवून पाहिलं. स्प्रिंग नाही, इंजिन नाही, तरी लाटा पडल्या. कारण वेग. एका मर्यादेच्या खाली रस्ता सपाट राहतो, वर गेलं की लाटा उठायला लागतात. आणि खळग्यात नुसती माती भरून भागत नाही. खळग्याच्या तळापर्यंत खरवडून पुन्हा दाबावं लागतं, तेही जमिनीत ओल असताना. रस्ता खरवडून सारखा करणारा ग्रेडर लागतो, माणूस लागतो, दरवर्षी लागतो."

"म्हणजे डांबरच स्वस्त," शिरीष विजयी मुद्रेने म्हणाला.

"गाढवा, डांबरालाही चर लागतो," अण्णा म्हणाले. मुद्दा तिथेच अडकला, कारण शिरीष अण्णांना उलट बोलत नाही, आणि नंदाला अण्णांचं पटलं तरी ती तसं तोंडाने म्हणत नाही.

विन्याने संधी साधली. समजा नोव्हेंबर रद्द केला आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या खऱ्या एरोइकालाच गेलो तर?

"तुझी सायकल घेणार नाहीत," नंदा म्हणाली. "१९८७ किंवा त्याआधीची लागते. गिअरच्या लिव्हर फ्रेमच्या नळीवर, ब्रेकच्या तारा बाहेरून, पेडलला पट्टे. तुझ्या कार्बनच्या राणीला दारातूनच परत पाठवतील."

विन्याचा चेहरा पडला. मग एकाएकी उजळला आणि त्याने अण्णांकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. अण्णांची सायकल लोखंडी आहे, काळी आहे, आणि १९८७ च्या बरीच आधीची आहे.

"अण्णा, तुमच्या सायकलला लिव्हर कुठे आहेत हो? फ्रेमवर?"

"गिअरच नाहीत, तर लिव्हर कुठून येणार?"

"अहो, पण ले तोल्फेला अठरा टक्के चढ आहे..."

"उतरून ढकल."

"तेच तर तो नोव्हेंबरातही करणार होता," नंदा म्हणाली, आणि शिरीष इतका हसला की कट्ट्यावरून घसरला. रेसिंगची सायकल लागते, असली नाही चालत, असं मी सांगू पाहत होतो, पण ऐकतंय कोण. विन्याने तोवर मोबाईलवर नवा तक्ता उघडला होता.

"अण्णा, वजन सांगा तिचं. आणि टायरमध्ये सध्या हवा किती आहे?"

"सध्या," अण्णा म्हणाले, "टायरच नाहीत."