आधी कूलर, मग सूत्र

मोठेपणी भौतिकशास्त्र शिकायचं तर आधी गणित पक्कं करा, असं एका लेखात म्हटलंय. मला हे पटत नाही. आमच्या नागपुरात मे महिन्यात 45 अंशांतही कूलर खोली गार करतो आणि जुलैत तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. का? एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला 1 कॅलरी लागते, पण त्याच पाण्याची वाफ व्हायला साधारण 580! ही उष्णता खोलीत येणाऱ्या हवेतूनच घेतली जाते. जुलैत हवा आधीच ओली, म्हणून कूलरच्या गवतातलं पाणी फारसं उडतच नाही. वाफ होताना लागणाऱ्या या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात, हे शाळेत घोकलं होतं, अर्थ आत्ता कुठे लागला. गणित लागतंच हो, पण आधी असा प्रश्न पडला की ते जड जात नाही.