नातीची का?

परवा तुळशीबागेत दुकानातल्या पोरानं मला "आजी" म्हटलं. माझं वय 51. केस पिकलेत, मान्य. लॉकडाऊनमध्ये रंगवायचे सोडले ते सोडलेच. पण आजी?

माळा आवरताना ट्रंकेत माझी बाहुली सुमी सापडली होती. आडवी केली की डोळे मिटणारी, उभी केली की उघडणारी. डोळ्यांमागे एक छोटंसं वजन असतं, बाकी जादू काही नाही, हे मी सात वर्षांची असताना भावानं तिचं डोकं उपटून सिद्ध केलं होतं. (त्याला अजून माफी नाही.) आता तिचा एक डोळा मिटलेलाच राहिलाय, आतलं इलॅस्टिक सैल पडून हात लोंबतोय आणि अंग चिकट झालंय. जुन्या प्लास्टिकला मऊ ठेवणारा तेलकट पदार्थ वर्षानुवर्षं झिरपत बाहेर येतो म्हणे. माझं उलट आहे, सगळं कोरडं पडत चाललंय.

"दुरुस्ती नाही होत, आजी. नवीन घ्या, तीनशेला."

तेवढ्यात शेजारी पितळी भातुकलीचा भाव करणाऱ्या काकू वळल्या. सत्तरीच्या पुढच्या, हातात मेथीची जुडी.

"नातीची का?"

"नाही, माझी."

"म्हणजे मुलीची?"

"माझी. लहानपणची."

काकूंनी सुमीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मेथी पिशवीत ठेवली. एकदम 'अहो'चं 'अगं' झालं.

"घरी कोण कोण असतं गं तुझ्या?"

"नवरा, मुलगा."

"त्यांना माहितीये, तू इथे आलीयेस ते?"

"काकू, मला फक्त डोळा दुरुस्त करायचाय."

"हो हो, करू हं." हे त्या ज्या आवाजात म्हणाल्या, त्या आवाजात मी मुलाला पोलिओचा डोस पाजला होता. "माझ्या नणंदेचं असंच सुरू झालं. आधी बाहुली काढली, मग परकर-पोलकं मागायला लागली. ब्राह्मीनं फरक पडतो. नाहीतर हिला केळकर संग्रहालयात देऊन टाक, इथे बाजीराव रोडलाच तर आहे. जुन्या वस्तू नीट सांभाळतात."

'जुन्या वस्तू' म्हणताना त्या सुमीकडे बघत नव्हत्या.

बार्बी 1959 सालची. माझ्याहून वयानं बरीच मोठी, पण तिला कुणी ब्राह्मी सुचवत नाही. आपण पन्नाशीला पोचलो की दुकानदारापासून बँकेतल्या पोरीपर्यंत सगळे मोठ्यांदा आणि सावकाश बोलायला लागतात. नवरा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, डोक्यावर केस मोजून घ्यावेत इतके, त्याला परवा त्याच गल्लीत "या दादा" म्हणाले. याचा राग मला आजीपेक्षा जास्त आलाय.

काकूंनी सुमी माझ्या हातातून घेतली आणि तिच्या टाळक्यात एक सणसणीत चापट मारली. टक्कन डोळा उघडला. दुसरा मिटला.

"बघ," काकू म्हणाल्या.

पोरगं हसलं. मी नाही हसले. निघताना काकूंनी ब्राह्मीचं तेल रविवार पेठेत कुठल्या दुकानात चांगलं मिळतं ते दोनदा समजावून सांगितलं, माझ्याकडून वदवूनही घेतलं.

घरी पोचेपर्यंत मी त्या दुकानाचं नाव विसरले होते.