जामदारखाना : जमा की जामा?

वादाला तोंड फुटलं ते वकिलामुळे. तुळजापूरला भवानीचे दागिने जिथे ठेवतात त्या जामदारखान्याचा विषय निघाला, तसा तो आमच्यातल्या जामदाराकडे वळून म्हणाला, "तुझे पूर्वज वसूल जमा करणारे. जमा करतो तो जामदार आणि जमा होतं तो जामदारखाना. साधी गोष्ट आहे."

मला राहवलं नाही. "जमा अरबी आहे. जमाखर्च, जमाबंदी, वसूलजमा, कुठेही 'जा' आलाय का? जामदारातला जामा फारसी. जामा म्हणजे वस्त्र. पायजामा म्हणतोस तेव्हा पायाचं वस्त्रच म्हणतोस ना? मग जामदार म्हणजे वस्त्रं सांभाळणारा."

"बोलताना शब्द झिजतात रे. एका काना-मात्रेवर एवढा इमला कसला रचतोस?"

"नुसती काना-मात्रा नाही. इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या दरबारात हेच फारसी पद होतं आणि काम काय, तर सुलतानाचे कपडे सांभाळायचे."

वकील क्षणभर थांबला, मग नेमक्या जागी बोट ठेवलं. "असेल. पण सरकारच्या तिजोरीला कपड्यांच्या कपाटाचं नाव कोण देईल?"

खरा प्रश्न हाच होता. उत्तर मास्तरांनी दिलं. "एप्रिल १७२० मध्ये शाहू महाराजांनी बाजीरावांना काय दिलं? पेशवाईची वस्त्रं. 'वस्त्रं मिळाली' म्हणजेच पद मिळालं. आणि १६६६ ला आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांनी काय नाकारलं? खिलत, म्हणजे बादशहाचा मानाचा पोशाखच. तो अंगावर घेणं म्हणजे चाकरी मान्य करणं. वस्त्रात राज्याची पत होती, बाबा. जरीचे शेले, किनखाब, शिरपेच हे सगळं मोजून, नोंदून, कुलपात ठेवायचं धन होतं."

मला हे अगदी पटलं. कपडे ठेवायची जागा दागिन्यांची झाली, मग रोकडही तिथेच आली आणि शब्दाचा अर्थ रुंदावत गेला. वकिलाचं एवढं मात्र मी मान्य करतो, की रोकड आल्यावर लोकांना त्या शब्दात 'जमा' ऐकू येऊ लागला असेल.

"आणि खजिना?" जामदाराने विचारलं. तो सरळ अरबी, साठवणीची जागा. त्याच धातूपासून मखजन, म्हणजे कोठार. तो शब्द युरोपात गेला आणि मॅगझिन होऊन परत आला: आधी दारूगोळ्याचं कोठार, मग लेखांचं. मंडळाचा खजिनदार आणि मासिक एकाच घरातले, हे मला आजही विलक्षण वाटतं.

मास्तर कौटिल्यावर गेले. "कोशपूर्वाः सर्वारम्भाः. आधी कोश, मग बाकीचे उद्योग. आपला शब्द हाच."

"पण मास्तर, कोश म्हणजे मुळात आवरण," मी म्हटलं. "तलवारीची म्यान कोश, रेशमाच्या किड्याचं घर कोश."

तेवढ्यात वकिलाला पोतदार आठवला. "त्याचं काय? तो तर सरकारी खजिन्यात नाणी पारखायचा."

पोतदार हा मुळात फोतादार. मोगलांकडे खजिनदाराला तसं म्हणत. फोता म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, पैशाची थैली आणि शेतसाराही.

"म्हणजे हेही कापडच!" वकील म्हणाला आणि जामदाराशेजारी सरकून बसला.